मुंबईला जाणं सोपं होतं, परतीची बस आलीच नाही

सायनला उड्डाणपुलाच्या कडेला आम्ही तिघी दोन तास दहा मिनिटं थांबलो होतो. मी, माझी शहात्तर वर्षांची आई आणि अकरा वर्षांची भाची. आई एका बंद दुकानाच्या पायरीवर रुमाल टाकून बसली होती, भाचीला बाथरूमला जायचं होतं, आणि मी फोन कानाला लावून "दादा, नक्की किती वेळ?" असं सहाव्यांदा विचारत होते. या गोष्टीला आता दोन महिने झाले, तरी आठवलं की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून काढते आहे. पुण्याहून मुंबईला एका दिवसात जाऊन यायचं आणि खर्चही आवरायचा, असं ठरवणाऱ्या कुणाची तरी संध्याकाळ त्यामुळे वाचेल.

ठरलं होतं ते असं. शनिवारी पहाटे निघायचं, रात्री साडेआठ-नऊला घरी. तिघींचे मिळून दोन हजारांच्या वर एक रुपया जाऊ द्यायचा नाही. भाचीला म्युझियम बघायचं होतं, आईला समुद्र. आईने शेवटचा समुद्र बाबा असताना बघितला होता, त्यामुळे बाकी काही नाही झालं तरी मरीन ड्राइव्ह चुकवायचं नव्हतं.

जाताना काहीच अडलं नाही. पहाटे सहाच्या सिंहगड एक्सप्रेसची सेकंड सीटिंगची तिकिटं आठ दिवस आधी कन्फर्म मिळाली, तिघींचे मिळून साडेतीनशेच्या आत. दोन गोष्टी मात्र आधी माहीत असू द्या. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणजे आईचं तिकीट पूर्ण. आणि पाच ते बारा वयाच्या मुलांना स्वतंत्र जागा हवी असेल तर त्यांचंही भाडं पूर्ण, म्हणजे भाचीचंही पूर्ण. मी मनात दोन अर्धी तिकिटं धरून हिशेब केला होता, तो पहिल्याच दिवशी बदलावा लागला.

घोळ झाला तो परतीच्या तिकिटांचा. संध्याकाळी पाच-दहाची डेक्कन क्वीन सोयीची होती. सीएसएमटीहून निघते, सव्वातीन तासांत पुणे. पण तिची वेटिंग लिस्ट ३८, ३९, ४० होती. ज्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं, त्यावर कन्फर्म होण्याची शक्यता हिरव्या रंगात दाखवत होते. रोज सकाळी उठून मी आकडा बघायचे. अठ्ठावीस, बावीस, सतरा. शुक्रवारी सकाळी अकरा, बारा, तेरावर आला. त्याच दिवशी अकरा वाजता नॉन-एसीचं तत्काळ उघडतं, हे मला माहीत होतं. माझं आधारही खात्याला जोडलेलं होतं, जे आता ऑनलाइन तत्काळसाठी लागतंच. तरी मी तत्काळ काढलं नाही. अकरावर आलेली वेटिंग हलेल अशी मला खात्री वाटत होती. ती हलली नाही. आम्ही सिंहगडमध्ये असतानाच चार्ट, म्हणजे जागांची अंतिम यादी, लागल्याचा मेसेज आला आणि ऑनलाइन काढलेली वेटिंगची तिकिटं आपोआप रद्द झाली.

जनरलने येता आलं असतं. पण आईला घेऊन ते मी करणार नव्हते. शनिवार संध्याकाळच्या गाडीत जनरलला उभं राहायलाही जागा मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि पासवाल्यांच्या डब्यात आपल्याला बसता येत नाही. तुम्ही तरुण असाल, एकटे असाल, तर खुशाल जनरलने या, सगळ्यांत स्वस्त तेच. फक्त तिकीट सकाळीच काढून ठेवू नका. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, आणि पुणे-मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर आहे. म्हणजे आपण बरोब्बर त्या नियमात बसतो.

तर गाडीतच, घाट उतरताना नेटवर्क येत-जात असताना, मी फोनवर एका खाजगी ट्रॅव्हल्सची एसी बस बुक केली. माणशी चारशे, सायनहून पावणेसहाची. बाराशे रुपये गेले तरी एकूण दोन हजारांत बसत होतं. आईला म्हटलं, "झालं बघ, बसायला जागा मिळाली." आणि दिवसभर त्या विषयाचा विचारच केला नाही.

दिवस फार छान गेला. सीएसएमटीहून मेट्रो तीनने एकच स्टेशन, हुतात्मा चौक. किमान भाडं दहा रुपये आणि आत गारवा. तिथून काळा घोडा आईच्या चालीनेही जमण्यासारखा. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय १०:१५ ला उघडतं, आम्ही अगदी सुरुवातीला आत गेलो म्हणून गर्दी लागली नाही. ही वास्तू १९२२ साली लोकांसाठी खुली झाली, हे भाचीने वाचून आजीला सांगितलं. मग दोघींनी मिळून, तेव्हा पणजीचं वय किती असेल, याचा हिशेब बोटांवर मांडला. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नसतं. घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गेटवेजवळ खाल्ली. तिथून मरीन ड्राइव्हला टॅक्सी. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, तिघींत काहीच वाटत नाही. आई कट्ट्यावर तासभर बसली आणि फारशी बोलली नाही.

सायनला आम्ही वीस मिनिटं आधीच पोचलो होतो. सीएसएमटीहून धीमी लोकल, लेडीज डबा, आईला एका मुलीने उठून जागा दिली. तिकिटावर फक्त 'सायन सर्कल' एवढंच लिहिलेलं. कुठली बाजू, कुठल्या दुकानासमोर, काही नाही. तिथे आणखी पंधरा-वीस लोक वेगवेगळ्या बसची वाट बघत उभे होते, प्रत्येकाच्या हातात फोन. एकेक बस येई, अर्धा मिनिट थांबे, क्लीनर दारातून पुकारा करी आणि जाई.

पावणेसहा झाले. सहा झाले. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर फोन लावला. "ताई, वांद्र्याला ट्रॅफिक आहे, पंधरा मिनिटं." साडेसहाला, "ताई, धारावीत आलो, पाच मिनिटं." पावणेसातला फोन उचललाच नाही. सातला उचलला, "पाच मिनिटं." प्रत्येक वेळी मी आईला तसंच सांगत होते, आणि ती प्रत्येक वेळी पायरीवरून उठून पिशवी खांद्याला लावून उभी राहायची. चौथ्यांदा उठली तेव्हा मला रडू आलं. शेवटी तीच म्हणाली, "अगं, तू आता मला उठवू नकोस. बस दिसली की उठते."

बाथरूमसाठी भाचीला घेऊन परत स्टेशनकडे जावं, तर बस तेवढ्यात आली तर? आईला एकटीला तिथे सोडावं? बाजूच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी भाचीला आत नेलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सव्वासातला फोनवर वेगळाच आवाज. "मॅडम, गाडी मैत्री पार्कला उभी आहे. तुम्ही रिक्षा करून चेंबूरला या, दहा मिनिटं थांबतो." म्हणजे बस सायनला न थांबता पुढे निघून गेली होती. मी म्हटलं, माझ्याबरोबर म्हातारं माणूस आहे, या गर्दीत दहा मिनिटांत चेंबूरला कशी येऊ? फोन बंद. साडेसातला मेसेज आला: प्रवासी बोर्डिंग पॉइंटवर हजर नव्हते, तिकीट वापरलं गेलं असं धरण्यात येत आहे. पैसे परत मिळणार नाहीत.

दोन तास ज्या जागेवर उभं राहिलो, त्याच जागी आपण हजर नव्हतो असं वाचायला मिळावं, याचा जो संताप आला तो मी शब्दांत मांडू शकत नाही.

मार्ग आईने काढला. म्हणाली, "एसटी नाही का?" आणि पर्समधून आधार कार्ड काढलं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. माझ्या डोक्यात हे सगळं गावाकडच्या लाल बसशी जोडलेलं होतं. एसटीच्या एसी शिवनेरी बसलाही दोन्ही सवलती चालतात, हे मला माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं, कारण तिच्या भजनी मंडळातल्या बायका तशाच मुंबईला लेकीकडे जातात.

टॅक्सीने दादर टीटी, तिथल्या एशियाड थांब्यावर ई-शिवनेरी उभीच होती. आईचं तिकीट शून्य. माझं अर्धं, भाचीचंही अर्धं. दोघींचे मिळून एका माणसाच्या पूर्ण तिकिटाएवढे पैसे, आणि त्यात तिघी. ट्रॅव्हल्सला मोजलेल्या बाराशेपेक्षा कितीतरी कमी. कंडक्टरने आईला पुढची जागा दिली. बारा वाजून गेल्यावर स्वारगेटला उतरलो, पण बसून आलो, एसीत आलो, आणि कुणी आम्हाला पाच मिनिटं म्हणून झुलवलं नाही. एक्सप्रेसवेला लागल्यावर आई झोपली. मी जागीच होते, हिशेब करत होते. दोन्ही वेळा एसटीने आलो असतो तर काय खर्च आला असता, हाच.

पैसे परत मिळवायला एकोणीस दिवस लागले, पण मी मिळवले. अ‍ॅपवर तक्रार केली, तर दोन दिवसांत 'प्रवासी गैरहजर' म्हणून बंद केली. परत उघडली. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट लावले, कुठल्या वेळी किती मिनिटं बोलणं झालं ते सगळं. खरा उपयोग झाला भाचीने काढलेल्या फोटोचा. आजी पायरीवर बसून पेरू खातेय, मागे सायनच्या पाट्या, आणि फोटोच्या माहितीत ५:३१ ही वेळ नि जागा. तरी ऐकेनात, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तो तक्रार क्रमांक अ‍ॅपवाल्यांना कळवला. मग हालचाल झाली. बाराशेचे बाराशे आले. ज्या दिवशी खात्यात जमा झाले त्या दिवशी मी आईसाठी आणि भाचीसाठी श्रीखंड आणलं.

म्हणून सांगते, परतीचं तिकीट हातात कन्फर्म असल्याशिवाय जाण्याचं काढू नका. मी उलट केलं. वेटिंगचा आकडा कितीही खाली आला तरी आदल्या दिवशी अकराला निर्णय घ्या, तत्काळ किंवा एसटी. रस्त्याच्या कडेला चढायचं असलेली बस म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असताना घेऊच नका, मग ती कितीही स्वस्त असो. घ्यावीच लागली तर पोचल्या-पोचल्या त्या जागेचा फोटो काढा. रविवारी जाणार असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा, दुपारी लोकल अडकते. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मोफत नाही, यावरून त्या रात्री आमच्या मागच्या सीटवर एका काकांचा वाद झाला होता. आणि आधार कार्ड असं ठेवा की कंडक्टर आल्यावर शोधावं लागू नये.

आईचं आधार कार्ड आता एका छोट्या पाऊचमध्ये दाराजवळच्या खिळ्याला असतं. तिला होडीतून एलिफंटाला जायचं आहे, भाचीची परीक्षा संपली की. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला आहे, जाता-येता एसटीने. यावेळी परतीचं बुकिंग आधी केलं.