तो आवाज माझा नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रयोगानंतर मेकअप उतरवताना, लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, गेली १६ वर्षं एकच प्रश्न येतो: "त्या सिनेमातल्या कीर्तनातला अभंग तुम्ही स्वतः म्हटलाय ना?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच धरलेलं असतं, मी फक्त मान हलवायची बाकी असते. ती मी हलवली आहे. बरेचदा.

नाही. तो आवाज माझा नाही.

मालिकांमध्ये मी फौजदार, वकील, मुलीचा बाप करतो हे तुम्हाला माहीत आहे. संगीत नाटकात नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर, गातो हेही माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला वाटतं, ज्याला गाता येतं त्याच्या तोंडी दुसऱ्याचा गळा कोण कशाला घालेल? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

सिनेमात मी कीर्तनकार होतो. तीन प्रसंग आणि एक अभंग. ते काम मला येत होतं ते मिरजेच्या आमच्या बुवांमुळे. नववीत असल्यापासून मी त्यांच्या कीर्तनात पेटीवर बसायचो. शूटिंग वाईजवळच्या एका देवळात होतं. तिथे पहिल्याच शॉटला माझ्या कपाळावर बुक्का लावून ठेवलेला. मी म्हटलं, पुसा तो. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला निरूपणाचा भाग, संपला की मग बुवांना बुक्का लावतात, हार घालतात आणि आख्यान सुरू होतं. दिग्दर्शकाने ऐकलं. त्या दिवशी मला वाटलं, हा सिनेमा माझ्या माणसांचा आहे.

अभंगाचा स्क्रॅच त्याआधीच पुण्यात एका छोट्या स्टुडिओत झाला होता. स्क्रॅच म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, नुसती पेटी आणि तबला, पट्टी काळी दोन. ते स्पीकरवर लावून शूटिंग करायचं, पक्कं गाणं मागाहून. "आवाज बहुतेक तुमचाच ठेवू," असं मला सांगितलं होतं. बहुतेक हा शब्द मी ऐकला नाही. शूटिंगला मी नुसते ओठ हलवले नाहीत, प्रत्येक टेकला पूर्ण गळ्याने गायलो, कारण गळ्याच्या शिरा खोटं बोलत नाहीत आणि कॅमेरा नेमका तिथेच होता.

त्या अभंगाच्या तिसऱ्या ओळीत मी बुवांची एक जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, घेतली होती. मध्यमावर थांबायचं, पंचमाला नुसता स्पर्श करायचा आणि गंधारावर उतरायचं. उतरण्याआधी बुवा एक श्वास घेत, शब्दाच्या ऐन मध्ये, शब्द तोडून. गाण्याच्या शिस्तीत ती चूक आहे. बुवांना दमा होता. तिथे त्यांना श्वास पुरत नसे म्हणून ते घ्यायला लागले, आणि पुढे पंचक्रोशीत लोक त्या श्वासाचीच वाट बघायचे. मला दमा नाही. पण मी ती जागा त्या श्वासासकट शिकलो, मला ती वेगळी करताच येत नाही.

सिनेमा लागला तेव्हा बुवांना घेऊन मी सांगलीला गेलो. ते ८१ वर्षांचे होते, थिएटरात आयुष्यात चार-पाच वेळाच गेलेले. धोतर, कोट, टोपी. मधल्या रांगेत बसलो. अभंगाचा प्रसंग आला, मी पडद्यावर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि दुसराच माणूस गायला लागला.

काय झालं ते मला पहिल्या ओळीला कळलंच नाही. वाटलं, साऊंड बिघडलाय. आवाज उत्तम होता, हे आजही म्हणेन. तरुण, मोकळा, खर्जापासून वरपर्यंत एकसारखा. माझ्याहून चांगला. मग तिसरी ओळ आली. मध्यम, पंचमाचा स्पर्श, आणि शब्दाच्या मध्ये तो श्वास. पडद्यावर माझे ओठ तिथे थांबत होते, त्यामुळे त्या गायकाला तिथे थांबणं भागच होतं. धडधाकट छातीचा, पंचविशीतला मुलगा मिरजेतल्या एका दमेकरी माणसाचा श्वास घेत होता. ज्याचा श्वास, तो माझ्या शेजारी बसला होता.

बुवांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. मध्यंतरात म्हणाले, "आज षड्ज लागला रे तुझा. किती वर्षं सांगत होतो. आज लागला."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी शाबास म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "तुमचीच कृपा, बुवा."

खोटं इथे सुरू झालं. होय असं मी म्हणालो नाही, पण पदरात घेतलं. एकदा त्यांच्याकडून घेतल्यावर मग बाकीच्यांना काय नाही म्हणायचं? दुसऱ्या दिवशी गावातल्या वार्ताहराने विचारलं, त्यालाही मी मान हलवली.

तेव्हाचा मी मला आजही उत्तर देतो: म्हाताऱ्या माणसाला त्या अंधारात काय सांगणार होतास? शाबास परत घ्या म्हणून? मी त्याला म्हणतो, बुवांपुरतं खोटं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण वार्ताहर काय तुझा गुरू होता? तो म्हणतो, १४ टेक पूर्ण गळ्याने कोण गायलं? शिरा कुणाच्या? श्वास कुणाचा? इथे मला त्याच्याशी भांडता येत नाही. त्या गाण्यातलं निम्मं मी केलंय असं मला खरोखरच वाटतं. पण लोक निम्म्याबद्दल विचारत नाहीत.

मला कुणी फसवलं असंही म्हणवत नाही. करारात गाण्याचा उल्लेखच नव्हता. गाण्याच्या कंपनीला नावाजलेला आवाज हवा होता, तो घेतला. चरित्र भूमिका करणाऱ्याला आधी फोन करून कळवायची पद्धत नाही. मी नायक असतो तर फोन आला असता, एवढंच म्हणतो. श्रेयनामावलीत त्या गायकाचं नाव स्वच्छ आहे. ती शेवटी पळते, आणि तोवर लोक चपला शोधत असतात.

काही जण समजूत घालतात की उसना आवाज म्हणजे काय मोठं, सगळेच घेतात. खरं आहे. 'कट्यार'च्या २०१५ सालच्या सिनेमात खाँसाहेब सचिन पिळगांवकरांनी केले आणि गळा राहुल देशपांडे यांचा होता. ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. कुणी सचिनना विचारलं नाही आणि कुणाला लपवावं लागलं नाही. उघड असलं की दोघांचाही मान राहतो.

पण मी ज्या घराण्यातून आलो असं मानतो तिथे हा सवालच नव्हता. पहिला मराठी बोलपट १९३२ चा, 'अयोध्येचा राजा'. त्यात हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. पेटी वाजवणारे, 'मानापमान'ला चाली देणारे, नाटकात काम करणारे, त्या बोलपटाचं संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर जो उभा, तोच गाणार. अरुण सरनाईकांचं पाहा. वडील शंकरराव संगीत रंगभूमीवरचे गायक, मुलगा तबला वाजवायचा, नाटक करायचा, सिनेमात नायकही झाला आणि 'घरकुल'मध्ये स्वतःच्या गळ्याने गायला. यांना कुणी "तुम्ही नक्की कोण, नट की गवई?" असं विचारलं असेल का? मला विचारतात. नाटक, पडदा आणि गाणं, मी तिन्ही ठिकाणी पाय ठेवून आहे तो हौस म्हणून नाही. गाणं वेगळं काढलं तर माझा फौजदारसुद्धा बेसूर बोलेल.

आता राहिलं ते सांगतो, कारण ते मी घरातही सांगितलेलं नाही. त्या रात्री सांगलीहून मिरजेला रिक्षाने येताना बुवा बराच वेळ गप्प होते. विश्रामबाग मागे पडल्यावर म्हणाले, "तिसऱ्या ओळीत श्वास घेतलास तो घेऊ नकोस. तो माझ्या दम्याचा आहे. तुझी छाती चांगली आहे." मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "चांगल्या छातीच्या माणसाने तो घेतला की लगेच कळतं."

कळतं म्हणजे काय कळतं? देवळाबाहेर चपला काढतानाच आत तबला किती उतरलाय ते सांगणारा माणूस होता तो. शेवटी शेवटी कान मंद झाले होते हेही खरं. १४ महिन्यांनी ते गेले. त्या काळात मी निदान ३० वेळा त्यांच्याकडे गेलो, पेटी काढून बसलो, आणि विचारलं नाही. त्यांना कळलं असेल तर त्यांनी मला ती शाबासकी का दिली? कळलं नसेल तर ती त्या मुलाची होती आणि मी ती घेऊन बसलोय. दोन्ही बाजूंनी विचार करून झालाय, रात्र-रात्र.

त्यांनी सांगूनही तो श्वास मी सोडलेला नाही. नाटकात एका पदाला ती जागा बसते, तिथे घेतो. गेल्या डिसेंबरात प्रयोग संपल्यावर एक कॉलेजची मुलगी विंगेत आली. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, "काका, त्या सिनेमातल्या अभंगातली जागा तुम्ही हुबेहूब घेतलीत. तेच गायक ना तुमचे आवडते?"

मी तिला ट्रंकेवर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. स्क्रॅचपर्यंत आलो आणि बाहेर बसवाल्याने हॉर्न वाजवला, दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग कोल्हापूरला होता. बुवांचं नावही तिला सांगायचं राहिलं. तिचा नंबर घेतला नाही. तिच्यासाठी उरलेलं इथे लिहिलं.