पाच सेंटिमीटरचे शिपाई आणि हस्तकलेचे रंग

प्लास्टिकच्या मॉडेल किटमधल्या पहिल्या शिपायाचा कोट मी एका ओढीत सोलून काढला. पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावली होती. ती उचलली तर तिच्याबरोबर हिरव्या रंगाची अख्खी कातडी निघून आली, खिसा आणि बटणांच्या ठशासकट. खाली करडं प्लास्टिक जसंच्या तसं. राग यायच्या आधी मी ती कातडी उजेडात धरून बघितली, इतकी ती नेटकी निघाली होती.

रंग हस्तकलेचे ॲक्रिलिक. कागद-लाकडाच्या कामासाठी आणलेले, साठेक मिलीच्या बाटल्या घरात आधीच पडून होत्या. मॉडेलच्या खास रंगांची बाटली साधारण १७ मिलीची, आणि एका शिपायाला आठ-दहा छटा सहज लागतात. म्हटलं, आहे त्यात भागवू. टेपचा प्रकार झाल्यावर सगळं खापर रंगांवर फोडून मी मोकळी झाले. खरं तर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, न मारता गुळगुळीत प्लास्टिकवर थेट रंग मीच फासला होता. शिपायांचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, काही शोषून घेत नाही. वर साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर राहिलेला असू शकतो. अशा ठिकाणी ॲक्रिलिक चिकटत नाही, नुसतं पांघरूण घालून बसतं.

उरलेला रंग काढायला शिपायाला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलं आणि जुन्या टूथब्रशने घासलं. नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी होतं, पण बरं झालं ते वापरलं नाही. त्यातल्या ॲसिटोनने रंगाबरोबर शिपाईही विरघळला असता.

किट चार शिपायांचं, १/३५ मापाचं. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस जेमतेम ५ सेंटिमीटर. हे आडमाप आलं ते रणगाड्यामुळे. टामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९६०च्या दशकात मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तो आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा केला, आणि मोजल्यावर तो साधारण १/३५ भरला. शिपायांना बॅटरी लागत नाही, तरी तेही त्याच मापात अडकले.

उरलेल्या तिघांच्या वेळी शहाणपणा केला. भाग किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतानाच भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुतले आणि वाळू दिले. निपरने, म्हणजे छोट्या कापायच्या पकडीने, कापताना भागाला अगदी भिडून कापायचं नाही. थोडं देठ ठेवायचं, मग ते पात्याने तासायचं. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बारीक उभी रेघ राहते. ती पात्याची धार आडवी धरून खरवडायची आणि वर ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ती रेघ रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसते. पातळ प्लास्टिक सिमेंट मात्र मला फार आवडलं. दोन भाग जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक टेकवायचं. ते आपणहून फटीत धावतं, कडा विरघळवतं आणि एकजीव करतं. हेल्मेट, पाठपिशव्या आणि बंदुका सुट्याच ठेवल्या.

रंग स्वस्तातले घ्या, प्रायमर मात्र स्वस्तातला नको. प्लास्टिकसाठीचा करडा मॅट स्प्रे आणला, वीसेक सेंटिमीटरवरून हलके फवारे मारले आणि एक दिवस हात लावला नाही.

खरी परीक्षा पुढे होती. हस्तकलेच्या रंगात भरण जास्त आणि रंगद्रव्य कमी, तेही जरा जाडसर दळलेलं. बाटलीतून काढला तसा लावला की कोटाच्या सुरकुत्या बुजतात आणि बटणांच्या जागी नुसते उंचवटे उरतात. म्हणून पाणी घालायचं. पण पाणी जास्त झालं की रंग फाटतो. सुरकुतीत तळं साचतं, उंच भाग उघडा पडतो आणि वाळल्यावर कडेला डाग दिसतो. माझं प्रमाण शेवटी असं जमलं: रंगाच्या निम्मं पाणी, आणि त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं बिनचमकीचं ॲक्रिलिक. अंगठ्याच्या नखावर ब्रश ओढून बघायचा. रंग सलग पसरला आणि खालचं नख पुसटसं दिसलं की बरोबर.

पहिला हात वाळल्यावर कोट इतका ठिगळठिगळ दिसला की ब्रश परत बाटलीत बुडवायचा मोह झाला. नाही बुडवला. दुसऱ्या हाताला ठिगळं मिटायला लागली, तिसऱ्याला कापड दिसायला लागलं, चौथा फक्त खांद्यांवर लागला. दोन हातांमध्ये अर्धा तास तरी सोडावा. एकदा घाई केली तर अर्धवट वाळलेला थर ब्रशबरोबर उठला आणि पाठीवर खड्डा पडला. पिवळा आणि लाल तर चार हातांनाही दाद देत नाहीत. लालखाली गुलाबी आणि पिवळ्याखाली फिकट तपकिरी हात द्या, सुटाल.

ब्रशच्या बाबतीतही माझा समज उलटा होता. बारीक कामाला सगळ्यात बारीक ब्रश म्हणून ट्रिपल झिरो घेतला. त्यात रंग मावतो थेंबभर, तोही चेहऱ्यापर्यंत जाईतो टोकावर वाळतो. नंतर बहुतेक काम १ नंबरच्या ब्रशने केलं, टोक नीट जुळणारा होता म्हणून.

चंदेरी रंगाने मात्र हात टेकायला लावले. हस्तकलेच्या चंदेरीतले कण इतके मोठे की बंदूक लग्नाच्या पत्रिकेसारखी चकाकायला लागली. ती पुसून काळी केली, आणि कडांवर मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं. इतकं लोखंडासारखं दुसरं काहीच दिसलं नसतं.

आता चेहरा. माणसाचा डोळा साधारण ३ सेंटिमीटर रुंद. ३५ ने भागा, एक मिलिमीटरही भरत नाही. आधी कातडीचा रंग, मग तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग. तो खोबणीत, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या फटीत आपोआप बसतो, आणि अर्धा चेहरा तोच काढून देतो. नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडांवर आणि हनुवटीवर फिकट ठिपके. इथवर छान. मग मी पांढरा घेतला आणि डोळे काढले. शिपायाने मागून कुणी ‘भॉ’ केल्यासारखं बघितलं. पांढऱ्याऐवजी मळकट फिकट रंग घ्यायचा आणि बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं काढायचं, हे दोन चेहरे पुसल्यावर कळलं. पहिल्या शिपायाला, परत प्रायमर मारून उभा केल्यावर, डोळे काढलेच नाहीत. नुसती गडद तपकिरी रेघ ओढली, आणि हातभर अंतरावरून चौघांत तोच सगळ्यात जिवंत दिसतो.

सगळ्यांवर मॅट वॉर्निश मारलं. हे रंग हाताळून झिजतात, दुसऱ्या शिपायाच्या नाकाचा शेंडा माझ्याच बोटाने उडाला होता. शिवाय हिरवा थोडा तुकतुकीत आणि तपकिरी कोरडा असा जो फरक होता, तोही वॉर्निशने मिटला.

तिसऱ्याचा डावा डोळा तिसऱ्या प्रयत्नातही तिरळाच राहिला. नशिबाने हेल्मेटं अजून सुटी होती. त्याचं हेल्मेट जरा पुढे ओढून चिकटवलं.