न्यू जर्सीचं लायसन्स आणि रेडिंगची 'एल' पाटी

नवऱ्याची बदली न्यू जर्सीतल्या एडिसनहून इंग्लंडला रेडिंगला झाली, तेव्हा शाळा, घर, डॉक्टर, बँक अशा सगळ्या गोष्टींची धास्ती होती. गाडीची मुळीच नव्हती. पुण्यात कायनेटिक आणि न्यू जर्सीत टर्नपाइक, दोन्ही पचवलेली बाई मी! शिवाय अमेरिकन लायसन्सवर इथे पहिले बारा महिने गाडी चालवता येते, त्यामुळे आम्ही निवांत होतो.

गणपतीला लंडनच्या डॉलिस हिलला, महाराष्ट्र मंडळात गेलो. हे मंडळ 1932 सालचं. तिथे आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "लायसन्सचं काय केलंत? अहो, बारा महिने झाले की तुमचं अमेरिकन कार्ड इथे कागदाच्या किमतीचं." कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका इथल्या लोकांना लायसन्स बदलून मिळतं. अमेरिका त्या यादीत नाही. भारतही नाही, म्हणजे तीही वाट बंद. आम्ही पासपोर्टाने अमेरिकन असलो तरी या बाबतीत अठरा वर्षांच्या पोराच्या रांगेत.

घरी आल्यावर ऑनलाइन 34 पौंड भरून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स मागवलं. पुढची पायरी थिअरीची, तिचे 23 पौंड. पन्नास प्रश्नांपैकी 43 बरोबर यावे लागतात. 'हायवे कोड', म्हणजे इथल्या रहदारीच्या नियमांचं पुस्तक वाचलं की ते जमतं, पण पाठांतराला पर्याय नाही. ताशी 70 मैलांच्या वेगाला गाडी थांबायला 96 मीटर लागतात, हे कुठल्याही अनुभवाने कळत नसतं.

खरी गंमत दुसऱ्या भागात, हॅझर्ड पर्सेप्शनमध्ये. चौदा व्हिडिओ दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागला की माउस दाबायचा. एकूण गुण 75, पास व्हायला 44. सरावाच्या एका व्हिडिओत अरुंद रस्ता होता, डावीकडे उभी पांढरी व्हॅन आणि तिच्या चाकांमागून दिसणारे दोन बूट. मी लगेच क्लिक केलं. गुण शून्य! कारण बूट दिसणं हा अजून धोका नाही, माणूस रस्त्याकडे निघाला की धोका सुरू. लक्ष्मी रोडवर गाडी चालवलेल्या माणसाला सगळंच आधी दिसतं, त्याचं काय करायचं? बरं, घाबरून सारखं क्लिक केलं तर त्या व्हिडिओचे गुणच जातात. मग मी युक्ती केली: एकदा दिसल्यावर आणि जरा थांबून पुन्हा एकदा. जमलं.

प्रॅक्टिकलची तारीख मिळणं मात्र जिवाला ताप. शनिवार-रविवार सोडून फी 62 पौंड, पण पैसे भरायला तारीख तर हवी! पहाटे उठून वेबसाइट उघडायची, जवळच्या सेंटरला काहीच नाही, लांबचं बघायचं, कुणी रद्द केलेली जागा दिसली की बोट लावेपर्यंत गायब. या एका बाबतीत इथल्या व्यवस्थेचं कौतुक करणं मला जमत नाही. म्हणून आल्या-आल्या अर्ज करा, बारा महिने भुर्रकन जातात.

मधल्या काळात शिकवणी लावली, तासाला चाळीस पौंडांच्या आसपास. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. मला ते चालणार होतं. नवरा कोल्हापुरात मारुती 800 वर शिकलेला, तो मॅन्युअलवरच अडून बसला.

डावीकडून चालवणं हाताला लगेच आठवलं. विसरायला लागलं ते अमेरिकेचं: लाल दिव्यावर उजवीकडे वळणं इथे नाही, डावीकडेही नाही. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आमच्या घराजवळचा तर नुसता रस्त्यावर रंगवलेला पांढरा गोळा, पण लोक त्यालाही मान देतात. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच जाईल एवढी फट, आणि समोरचा हेडलाइट मारतो. पुण्यात याचा अर्थ 'मी येतोय, सरक'. इथे अर्थ 'या, तुम्ही आधी'. गंमत म्हणजे 'हायवे कोड' म्हणतो की दिवा फक्त आपण आहोत हे कळवायला मारावा, म्हणजे पुस्तक पुण्याच्या बाजूचं!

न्यू जर्सीची माझी टेस्ट मोटर व्हेइकलवाल्यांच्या आवारात आखलेल्या रस्त्यावर झाली होती. इथे चाळीसेक मिनिटं भर रहदारीत. आधी वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवायची, मग त्यातला निम्मा वेळ सॅटनॅव्ह (आपला जीपीएस) सांगेल तसं आपलं आपण जायचं. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर एक झाली की नापास. परीक्षक अबोल, टॅबलेटवर बोट तेवढं हलत होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी बजावलं होतं, "आरशात बघता ते मला दिसतंय, त्यालाही दिसू दे." म्हणून मी मान जरा जास्तच हलवत होते, कीर्तनकारासारखी. पास झाले. आणि खरं सांगू, ही टेस्ट चांगली आहे. इतक्या वर्षांत आरशात न दिसणाऱ्या आंधळ्या कोनाकडे मी इतक्यांदा वळून पाहिलं नव्हतं.

मुलांना एडिसनला पिवळी बस न्यायला यायची. इथे शाळा जवळ, मुलं चालत जातात, त्यामुळे बारा महिने उलटून गेल्यावर मध्ये काही आठवडे गाडी दारात पडून होती तरी अडलं नाही. भाजी-डाळ तेवढी बसने आणली.

नवऱ्याची तारीख अजून यायची आहे. 'एल' पाटी लावून तो सराव करतो, पण शेजारी बसणाऱ्याकडे किमान तीन वर्षांचं पूर्ण लायसन्स लागतं. अमेरिकेतली माझी वर्षं त्यात धरत नाहीत, आणि माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं, म्हणजे त्याच्या मॅन्युअलला तसंही बाद. त्यामुळे दर रविवारी पलीकडच्या घरातले निवृत्त आजोबा त्याच्याबरोबर जातात, आणि बदल्यात मी त्यांना कांदाभजी देते.