३५१ वरचा उंचवटा

टँटलम-१८०एम, म्हणजे टँटलम या धातूचा जास्तीच्या ऊर्जेवर अडकलेला एक अणुगर्भ, हे प्रकरणच उलटं आहे. हाच अणुगर्भ त्याच्या सगळ्यात खालच्या पातळीवर असला की साधारण ८ तासांत निम्मे उडतात, पण ७७ केईव्ही (हे ऊर्जेचं एकक) वर अडकला की हलायचं नाव नाही, कारण वर स्पिन, म्हणजे अणुगर्भाची फिरकी, ९, खाली १, एवढी उडी एका दमात मारणं जवळपास अशक्य. त्याचा क्षय आजवर कुणाला दिसलेला नाही. नैसर्गिक टँटलममध्ये तो असतो ०.०१२ टक्के, त्यामुळे आम्ही जमिनीखाली धातूच्या चकत्या जर्मेनियम डिटेक्टरभोवती रचतो आणि कुठल्या ऊर्जेचे गॅमा किरण किती येतात त्याचे काउंट मोजत बसतो. (किरणोत्सर्गात काम करतेस, भीती नाही वाटत का, असं विचारणाऱ्यांना काय सांगू, तुमच्या घरातल्या भिंती याच्यापेक्षा जास्त बडबड करतात.) चकत्या नवीन असतील तर आधी त्या खाली नुसत्या ठेवून द्यायच्या, कारण वर असताना कॉस्मिक किरणांतल्या न्यूट्रॉनमुळे त्यात टँटलम-१८२ तयार झालेलं असतं, त्याचं अर्धायुष्य ११४ दिवस.

तर त्या सोमवारी सकाळी मी शनिवार-रविवारचा डेटा जोडला आणि ३५१ केईव्हीला उंचवटा. बीटा क्षय झाला तर टंगस्टन-१८० मधून १०४, २३४ आणि ३५१ केईव्हीचे गॅमा यायला हवेत. पण हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या पिलावळीतलं शिसं-२१४ बसतं ३५२ ला, आणि आमच्या डिटेक्टरला तिथे एक केईव्हीचा फरक नीट सोडवता येत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. हे मला पाठ आहे. तरी मी आधी २३४ उघडला, आणि हो, तिथेही दोन-चार काउंट जास्त वाटले, वाटून घ्यायचे म्हटले की वाटतातच.

सर मागून आले, स्क्रीनकडे पाहून एवढंच म्हणाले, "२९५ बघितलंस?"

नव्हतं बघितलं. शिसं-२१४ चं २९५ तिथे ठणठणीत उभं होतं, त्याच पिलावळीतल्या बिस्मथचं ६०९ पण. लॉगबुकात शनिवारची नोंद, "सिलिंडर बदलला", बस्स, पुढे काही नाही. खाली जाऊन बघितलं तर हवा बाहेर ठेवायला चेंबरमध्ये सोडतो त्या नायट्रोजनचा फ्लोमीटर शून्यावर, सिलिंडर नवा आणि व्हॉल्व्ह बंद. नायट्रोजन थांबला की चेंबरमध्ये हवा शिरते आणि हवेबरोबर रेडॉन. ज्याने बदलला तो म्हणाला, अगं घाईत होतो. दोन वाक्यं जास्त लिहायला काय होतं लोकांना, एवढा महागडा डिटेक्टर आणि नोंदी वाण्याच्या वहीपेक्षा वाईट.

ते दोन दिवस डेटातून काढून टाकले, कारणही लिहिलं, कुणी आक्षेप घेतला नाही. पण मला राहून राहून वाटतं, तिथे उंचवट्याऐवजी खड्डा असता तर व्हॉल्व्ह बघायला मी खाली उतरले असते का? आता ३५१ च्या आजूबाजूचा भाग झाकून ठेवायचा, आधी नियम ठरवायचे आणि मगच उघडायचा असं मी सुचवलंय. सर म्हणाले, बघू.