पोपच्या नातवांच्या गावांतून

विटेर्बो ते रोम साधारण शंभर किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर तीनदा चाललेल्या आत्याने आकडा ऐकून नाक मुरडलं. "शंभरच? मग टाळ तरी घेऊन जाऊ." टाळ काही बॅगेत बसले नाहीत.

या वाटेला वीया फ्रांचिजेना म्हणतात. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक ९९० च्या सुमारास रोमहून परत जाताना मुक्कामाची गावं लिहून ठेवत गेला, म्हणून ही वाट अजून चालता येते. विटेर्बोहून पुढे तिला दोन फाटे फुटतात. आम्ही चिमिनी डोंगरावरचा धरला, तो फार्नेसे घराण्यासाठी. मी गोव्यात वाढलो. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ साली ज्या पोपच्या फर्मानाने झाला तो तिसरा पॉल, म्हणजेच आलेस्सांद्रो फार्नेसे. शाळेत हे नाव पाठ केलं होतं. माणूस कोण होता, हे कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर होता. वाटेभर हेझलनटच्या बागा, झाडांखाली गळून पडलेल्या फळांचा सडा, पावलागणिक कटकट आवाज. आत्याने दोन उचलून ओढणीच्या टोकाला बांधल्या आणि मालकाला विठ्ठल पावो, म्हणाली.

रोंचिल्योनेहून वाट सोडून काप्रारोलाला गेलो. गावचा रस्ता नाकासमोर चढत थेट महालाच्या दारात जातो. वास्तुकार विन्योलाने तो गावाच्या मधोमध कापून काढला. महालासाठी गाव चिरलं, सरळ हिशेब. माझ्या टाचेचा फोड याच चढावर फुटला.

महाल पंचकोनी, कारण खाली किल्ल्याचा पाया आधीच घातलेला होता. तो बांधून घेणाराही आलेस्सांद्रो फार्नेसेच, पण पोपचा नातू. आजोबा १५३४ मध्ये पोप झाले आणि त्याच वर्षी नातू कार्डिनल झाला, वय वर्षं चौदा! इटालियनमध्ये नातू, पुतण्या, भाचा, सगळ्यांना एकच शब्द, 'निपोते'. नेपोटिझम त्यातूनच आला. हे सांगितल्यावर आत्या जिन्यातच थांबली.

"म्हणजे काका-पुतण्याच ना रे? एवढं चालून हेच बघायला आलो होय!"

पोपला नातू कुठून, हाही प्रश्न आलाच. दीक्षा घेण्याआधी आजोबांना मुलं होती, आणि ती कोणी लपवली नाहीत. मुळात त्यांना कार्डिनल केलं ते सहाव्या अलेक्झांडरने, १४९३ मध्ये. बहीण जूलिया त्या पोपची लाडकी, म्हणून रोमचे लोक यांना 'घागऱ्याचा कार्डिनल' म्हणत. पुढे मुलगा पिएर लुइजी याला १५३७ मध्ये कास्त्रोची आणि १५४५ मध्ये पार्मा-पिआचेंझाची जहागीर दिली. दोनच वर्षांत तिथल्या सरदारांनी त्याचा खून करून प्रेत खिडकीतून लटकावलं.

वरच्या एका दालनात भिंती-छतभर याच घराण्याच्या सोयरिकी, लढाया, मानसन्मान रंगवलेले. आपल्या चौकातल्या फ्लेक्सची तऱ्हा, फक्त चित्रकार ताद्देओ झुक्कारी. दुसऱ्या एका दालनात जगाचे नकाशे आहेत. तिथे आशियाच्या भिंतीपुढे मान दुखेपर्यंत उभा राहिलो.

सुत्रीनंतर मोंतेरोझी लागतं. गाव साधं, हमरस्त्यावरचं. १६४९ मध्ये कास्त्रोला निघालेल्या नव्या बिशपचा या भागात खून झाला. त्याला नेमलं होतं दहाव्या इनोसंट पोपने, आणि फार्नेसेंना तो नको होता. आधीच त्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर, कास्त्रोवरून पोपशी एक युद्धही झालेलं. इनोसंटने खुनाचा आळ त्यांच्यावर घेतला आणि कास्त्रो शहर पाडून सपाट केलं. 'इथे कास्त्रो होतं' असा खांब तेवढा उभारला. हे पाडणारे पोपही काही वेगळे नव्हते. मागच्या सान मार्तीनो गावी त्यांच्या वहिनीची, ओलिंपियाची, कबर बघूनच आम्ही निघालो होतो. अख्खं गाव तिच्या नावे केलेलं होतं.

ला स्तोर्ता हा शेवटचा मुक्काम. १५३७ मध्ये रोमला चाललेल्या इग्नेशियसला इथे साक्षात्कार झाला. तीन वर्षांनी तिसऱ्या पॉलने त्याच्या जेझुइट संघाला मान्यता दिली आणि १५४२ मध्ये त्याच संघाचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. चिमुकल्या चॅपलला कुलूप होतं. आत्याने दाराला हात लावून तो कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी मोंते मारिओवरून सेंट पीटरचा घुमट दिसला. वारीत कळस दिसला की पाय आपोआप धावतात. इथे धावायला सोबत फक्त दोन जर्मन सायकलवाले.

घुमटाचं दर्शन घेऊन, शिक्का मारून, संध्याकाळी जेझू चर्चला गेलो. दर्शनी भिंतीवर आडव्या ओळीत बांधणाऱ्याचं नाव आणि साल १५७५: आलेस्सांद्रो, कार्डिनल फार्नेसे. चौदाव्या वर्षीचा तोच नातू. आत उजव्या अंगाला झेवियरची वेदी, तिथे त्याचा उजवा हात ठेवलेला आहे. १६१४ मध्ये तो गोव्यातच देहापासून वेगळा करून रोमला पाठवला. उरलेला देह जुन्या गोव्यात. दर दहा वर्षांनी तो दर्शनाला काढतात, तेव्हा आम्हीही रांगेत उभे राहिलेलो.

आत्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकली. "इथे काढत नाहीत गं," मी म्हटलं.

"तुझ्या फार्नेसेसाठी नाही काढत," ती म्हणाली आणि बूट बाकाखाली सरकवले.