उलटं उघडणारं दार

सिनेमाचा शेवट कुणी आधीच सांगून टाकला की आमच्या घरात अबोला सुरू होतो. ‘डबल इन्डेम्निटी’ तर स्वतःच तो फोडून मोकळा होतो. बिली वाइल्डरच्या या १९४४ च्या सिनेमात विमा एजंट वॉल्टर नेफ खांद्यात गोळी घेऊन रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोन, म्हणजे आवाज टिपून ठेवणारं यंत्र, सुरू करतो आणि आपल्या कीज साहेबांना उद्देशून बोलायला लागतो: खून मीच केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी, पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. घ्या! आता पुढे काय बघायचं?

मग गोष्ट मागे जाते. ती बाई म्हणजे फिलिस. तिच्या नवऱ्याचं प्रेत रुळांवर टाकून ती आणि नेफ गाडीत बसतात. फिलिस किल्ली फिरवते. गाडी नुसती घरघरते. पुन्हा तेच. नेफ या रात्री सापडणार नाही हे मला पक्कं माहीत असतं, कारण त्याला अजून ऑफिसात जाऊन एवढं सगळं बोलायचंय. तरी मी उशी आवळून ‘हो बाई, चालू हो एकदाची’ म्हणत असतो. खुन्यांच्या बाजूने!

दाराचा प्रसंग तर मी मागे नेऊन नेऊन पाहिलाय. नेफच्या फ्लॅटमधून कीज साहेब निघतात आणि बाहेर फिलिस येऊन पोचलेली. ती उघड्या दाराआड दडते, दाराची मूठ हळूच ओढून नेफला खूण करते. साहेब लिफ्टकडे जाता जाता वळतात, कारण सिगारला काडी हवी असते. गंमत म्हणजे हे दार बाहेरच्या बाजूला, कॉरिडॉरमध्ये उघडतं. असं दार कुठल्या फ्लॅटला असतं? तिसऱ्यांदा बघेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या पाडून वाइल्डरने आपलं लक्ष बरोबर दुसरीकडे ठेवलेलं.

ती काडी मात्र विसरू नका. सिनेमाभर साहेबांच्या खिशात काडी नसते, नेफ अंगठ्याच्या नखाने पेटवून देतो. शेवटी तो दारात कोसळलेला असतो, सिगारेट ओठांत, हातात बळ नाही. तेव्हा काडी साहेब पेटवतात.

आमचे काका विम्याचं काम करायचे. त्यांना दाखवला, तर त्यांचं सगळं लक्ष फिलिसच्या नवऱ्यावर. तो पॉलिसीवर न वाचता सही करतो ना, तिथे त्यांनी कपाळाला हात लावला आणि नंतर पुढचा सिनेमाभर तेच एक: “अरे, वाचायचं तरी!”