राखणदार आणि ‘रडकी पुस्तकं’

पावसाळ्यात फोंड्याला आमच्या घरी रविवारी भूमिका-खेळाचा डाव बसतो: प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट रंगवायची. चौघं जण, फासे, आणि वीज गेली की मेणबत्ती. तीन वर्षं आम्ही नुसते भुयारांत शिरून राक्षस मारत होतो. मला कंटाळा आला होता. रात्री मी वाचायचे त्या प्रेमाच्या अद्भुत कादंबऱ्या, भावाच्या भाषेत ‘रडकी पुस्तकं’.

मग ‘ब्लू रोज’ हाती आला. २००५ सालचा हा खेळ अशाच कादंबऱ्यांवर बेतलेला. २०१७ची आवृत्ती सहा बाजूंच्या तीन फाशांवर चालते. राज्य कुणी करायचं ते तिथं सोनेरी हरिण ठरवतं. शिवाय पात्राच्या कागदावर नाती लिहायची, आणि ऐन वेळी तीच कामी येतात! (इथंच मी विरघळले.)

हरणाच्या जागी मी आपला राखणदार आणला, गावाची राखण करणारा काठी-घोंगडीवाला देव. परवा भावाच्या पात्रानं शत्रूच्या सेनापतीवर वार करायचा सोडून विचारलं, “तू घर का सोडलंस?” पुढचा अर्धा तास कुणी फासा टाकला नाही. आईची भजी गार झाली.

काल भाऊ हळूच म्हणाला, “ताई, त्यातलं एखादं पुस्तक दे गो.”